सोवळ्यातला उकिरडा

माझं माहेर नवापूरचं. तिथं गावाबाहेर पडलं की वारा कुठून येतोय ते नाकाला आधी कळतं, कारण जिकडे जाल तिकडे पोल्ट्र्या. आमच्या घरी अंडं म्हणजे भाजीचाच एक प्रकार होता. आणि लग्न होऊन मी आले ती विसरवाडीच्या पुढे, नंदुरबारच्या अंगाला असलेल्या एका गावात, पक्क्या माळकऱ्यांच्या घरात. बघायला आलेल्या पाहुण्यांना माझ्या वडिलांनी सांगितलं, पोरगी सगळं करते. ते ऐकून सगळे खूश झाले आणि पुढचं कुणी विचारलं नाही. गेली बावीस वर्षं सासरी मी अंड्याचं नाव काढलेलं नाही. माहेरी गेले की मात्र पिशवी ठेवायच्या आधी आई चार उकडायला टाकते. हे माझ्या सासूबाईंना ठाऊक नाही, अशी माझी फार वर्षं समजूत होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नजर. शेजारणीची कोंबडी चुकून अंगणात आली तर त्या तिला हाकलत नाहीत. शेजारणीला हाक मारतात आणि तिच्याकडून हाकलून घेतात. मग अंगण पुन्हा सारवलं जातं, ते अर्थातच माझ्याकडून.

अशा बाईचा जीव ज्या दोन ठिकाणी अडकलेला, त्यातलं एक देवघर आणि दुसरं उकिरडा. गोठ्यामागचा आमचा उकिरडा म्हणजे त्यांचं स्वतंत्र संस्थान. कुठलं शेण कधीचं, कुठला थर अजून गरम आहे, कुठला खाली थंड होऊन काळा झालाय, हे त्या लांबून सांगतात. सकाळी पूजा झाली की काठी टेकत तिकडे एक फेरी ठरलेली. चहाचा चोथा उकिरड्यावर टाकायला मला जरा उशीर झाला तर मला विचारतात, आज चहा केला नाही का. मी एकदा ह्यांना म्हटलं, तुमच्या आईला नातवंडांपेक्षा उकिरडा प्यारा आहे. हे म्हणाले, उकिरडा उलटून बोलत नाही. यात मला टोमणा होता, तो मी त्या दिवशी ऐकून घेतला.

नाल्याकडे आमचा एक एकराचा तुकडा आहे. सासरे गेल्यावर सगळी जमीन सातबाऱ्यावर आत्याबाईंच्या नावानं झाली, पण नांगर कधी आणि पेरायचं काय हे ह्यांच्याच तोंडी. त्या तुकड्यात वर्षानुवर्षं कापसामागून कापूस घेतला, पांढरी खतं ओतली, आणि शेवटी माती अशी झाली की पावसात पाय रुतून चप्पल आत राहायची आणि उन्हाळ्यात कुदळ आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या. मग एक वीटभट्टीवाला आला. त्याला ती माती पसंत पडली. वरची दोन हात माती मी काढतो, म्हणाला, तुमचं वावर सपाट करून देतो. हे लगेच तयार. नाहीतरी काही पिकत नाही, म्हणाले.

मला तो तुकडा हवा होता. का ते सरळच सांगते. या घरात मी निंदणी केली, तोडणी केली, गड्यांच्या भाकरी केल्या, पण कुठल्या वावरात काय लावायचं हे मला कुणी कधी विचारलं नाही. माझं म्हणावं असं घरात एक लोखंडी कपाट, आणि त्याच्या वरच्या कप्प्यात ह्यांचे स्वेटर. वाटायचं, एक एकर तरी असं असावं की जिथं चूकसुद्धा माझी असेल. वरची माती एकदा भट्टीत गेली की माघारी येत नाही. खालचा मुरूम उघडा पडला तर पुढं मला ते वावर मिळूनही उपयोग नव्हता.

मी आत्याबाईंपुढे हे बोलून टाकलं. हे हसले. म्हणाले, तू काय करणार तिथं, भजन? आत्याबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दिवाईलगून देखू," म्हणाल्या. "मिरची लाव. वरना वावरमा हाऊ लाई. दोन्ही सारखी दिखनी तं तुकडा तुले. नही तं माटी भट्टीले."

म्हणजे मुदत दिवाळीपर्यंत, एका बाजूला वरच्या चांगल्या वावरातली ह्यांची मिरची, आणि दुसऱ्या बाजूला त्या दगडात माझी. पैज बरोबरीची नव्हतीच. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी पैजेला तरी बसवलं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

माती सुधारायची तर तिच्या पोटात काहीतरी जायला हवं, एवढं मलाही कळत होतं. आत्याबाईंच्या उकिरड्याचं खत दरवर्षी वरच्या वावराला जातं आणि तिथंच संपतं. माझा भाऊ नवापूर ते विसरवाडी छोटा टेम्पो चालवतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, त्यात काय, पोल्ट्रीचं खत आणून देतो, मिरचीला त्यासारखं दुसरं नाही. आणि वर बजावलं:

"पन ताई, आल्या आल्या टाकू नको. दोन महिना ढिगमा ऱ्हाऊ दे. शेन मिसळ, पानी मार, उलथं कर. आंग थंडं व्हई मंग टाक."

मी हो हो म्हटलं. पण ढीग घालायचा कुठं? आमच्या गावात ढीग घालणं ही काही खाजगी गोष्ट नाही. गोठ्यामागं घातला तर आत्याबाईंची रोजची फेरी. वावरात घातला तर येणारी जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारणार, हे काय, आणि उत्तर घरी माझ्या आधी पोचणार. माळकऱ्याच्या वावरात कोंबडीचा ढीग. आत्याबाईंनी मला माझ्या कपाटासकट नवापूरच्या गाडीत बसवलं असतं.

म्हणून मी अक्कल चालवली. खत आणलं ज्येष्ठातल्या एकादशीला, कारण त्या दिवशी दुपारभर आत्याबाई देवळात भजनाला. आज मला त्या मुहूर्ताचं हसू येतं. देवळात टाळ वाजत होते आणि इकडे मी आणि माझा भाऊ नाकाला फडकं बांधून पोती उतरवत होतो. अर्धी पोती नाल्याच्या काठी पळसाआड ठेवली, अर्धी त्याच दुपारी वावरात पसरली आणि वखरून मातीआड केली. दिसलंच नाही तर विचारणार कोण. ह्यांना सांगितलं, सेंद्रिय खत आहे, नवापूरहून आलंय. हे म्हणाले, वास फार आहे. मी म्हटलं, सेंद्रिय आहे ना, म्हणून.

पाऊस झाला, रोपं लावली. आणि इथं मी माझ्या शहाणपणावर कळस चढवला. उरलेल्या पोत्यांतलं खत एकेक मूठ प्रत्येक रोपाच्या बुडाशी घातलं. लेकराला तूप जास्त वाढावं तसं. मनात म्हटलं, दिवाळीला बघा.

दिवाळीपर्यंत थांबावंच लागलं नाही. आठवड्याभरात पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग शेंडे माना टाकायला लागले. वरच्या वावरात ह्यांची मिरची हिरवीगार उभी. हे माझ्या बांधावर आले, एक पान तोडलं, डॉक्टरसारखं उजेडात धरलं आणि निदान केलं.

"कोकडा शे हाऊ."

कोकडा म्हणजे मिरचीची पानं आकसणारा रोग. ह्यांच्या लेखी मिरचीला दुसरा आजारच नाही. पाणी कमी पडलं तरी कोकडा, जास्त झालं तरी कोकडा. लगेच दुकानातून एक बाटली आणली आणि उपकार केल्यासारखी माझ्या हातात दिली. मी ती फवारलीही. झाडं आणखी वाळली. मला माझी चूक माहीत होती आणि मी ती सांगू शकत नव्हते. रोज सकाळी जाऊन नवी किती मेली ते बघायचं आणि घरी येऊन भाकरी थापायची. एकदा तवा तापलाय की नाही हे न बघताच भाकरी टाकली, ती चिकटून बसली. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. 

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्या उकिरड्याकडे वळल्या नाहीत. काठी घेऊन सरळ रस्त्याला लागल्या. गुडघ्यांमुळे त्या नाल्याकडे गेल्याला तीन पावसाळे उलटले होते. मी मागोमाग. वाटेत दोनदा म्हटलं, उन्हं चढतील, परत चला. त्या चालतच राहिल्या.

बांधावर त्या जरा टेकल्या, मग वाकल्या आणि एका रोपाच्या बुडाची माती बोटांनी उकरून नाकाशी नेली. मी मनातल्या मनात गाडीचं वेळापत्रक आठवायला लागले.

"कच्चं शे वं हाई," त्या म्हणाल्या. "कच्चं खात मुयाजोडे टाकं तुनी? मुया जयी गयात सम्द्या."

मुळ्या जळाल्या, हे निदान बरोबर होतं. तरी मी म्हटलं, "आत्याबाई, ते सेंद्रिय..."

"कोंबडीनं शे. पयलाच दिनले समजनं व्हतं मले. देवळथून उनू तं तुन्ही साडी सांगी ऱ्हायनी व्हती. मन्हं नाक म्हतारं व्हयनं नही आजून."

इतके दिवस त्यांना ठाऊक होतं. म्हणजे माहेरच्या अंड्यांचंही ठाऊक असणार. मी बांधावर बसले. 

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. थोडं चिडूनच. स्वतःची चूक असली की मला राग लवकर येतो.

"तू मले ईचारं का? ईचारती तं सांगती, कच्चं टाकू नको."

"विचारलं असतं तर तुम्ही आणूच दिलं नसतं."

त्यांनी थोडा विचार केला. खोटं त्या बोलत नाहीत, माळ आहे ना.

"हा, नही म्हनती," त्या म्हणाल्या. "मंग तू मले समजाडती. रोज येक डाव समजाडती. मी रोज नही म्हनती. तवलग ढिग कुजी जाता."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांना राग कोंबडीचा नव्हताच, किंवा असला तरी तो दुसऱ्या नंबरावर होता. पहिल्या नंबरावर खत कच्चं टाकल्याचा राग. उकिरड्यात आयुष्य काढलेल्या बाईच्या सुनेनं रोपाच्या मुळाशी गरम खत घालावं, ही नामुष्की त्यांना अंड्याहून मोठी वाटत होती.

मग त्यांनी बांधावर बसून हुकूम सोडायला सुरुवात केली. बुडाचं खत हातानं मागं ओढ. वाफ्याला पाणी दे, निचरून जाऊ दे. उकिरड्याच्या तळाचं काळं खत आण, ओंजळभर घाल. मेलेल्या जागी नवी रोपं लाव. त्या स्वतः त्या मातीला बोट लावणार नव्हत्या. मघाशी लावलं तेवढं पुरे, म्हणाल्या. मी सरीत उकिडवी बसून काम करत होते आणि त्या वरून बघत होत्या. आठ-दहा रोपं झाली असतील.

"आसं नही वं. मुय तुटस. आसं नही." आणि अकराव्या रोपाला माझ्या शेजारी पदर खोचून त्या सरीत बसलेल्या. दोन्ही हात कोंबडीच्या खतात. रोपाला धक्का न लावता ते बाजूला ओढायची त्यांची बोटं अशी चालत होती, जशी वाती वळताना चालतात. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघी एका सरीतून दुसऱ्या सरीत सरकत राहिलो. त्या दिवशी त्यांनी तीन अंघोळी केल्या, गोमूत्र शिंपडलं, आणि संध्याकाळचा हरिपाठ नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हटला. देवालाही काही प्रश्न पडले असतील तर ते तिथल्या तिथं मिटावेत, असा त्यामागचा हेतू असावा.

उरलेल्या खताचं काय करायचं हा प्रश्न होता. अजून थोडी पोती पळसाआड होती, तीही त्यांना माहीत होती. आत्याबाईंनी निर्णय दिला, ढीग गोठ्यामागंच घालायचा. पण त्यांच्या उकिरड्याच्या पलीकडे, मधे दीड हात वाट सोडून. शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर द्यायचे, ओल धरायची, वरून झाकायचं. शेण त्यांच्या बाजूनं माझ्या बाजूला जाऊ शकत होतं. माझ्या बाजूचं मात्र कणभरही तिकडे जायचं नाही. माझं फावडं वेगळं, टोपली वेगळी. हे म्हणाले, बायका स्वयंपाकघर वेगळं करतात, तुम्ही उकिरडा वेगळा केला. आमच्या घरात त्या दिवसापासून उकिरड्यालाही सोवळं लागलं. सकाळची फेरी आता थोडी लांबली. त्या वाटेवर उभ्या राहून, हात मागं बांधून, काठीच्या टोकानं माझा ढीग टोचत आणि काठी धुवायला मला सांगत. श्रावण संपता संपता एकदा म्हणाल्या, "थंडा व्हयना आते. टाक." मी तो मिरचीला मातीत मिसळून दिला, यावेळी बुडापासून वीतभर लांब.

मिरची उठली. सगळी नाही. माझ्या तुकड्याच्या वरच्या अर्ध्या भागात झाडं कमरेला लागली, पानं काळपट हिरवी, फांदीला फांदी धरून. खालच्या अर्ध्यात मधे मधे रिकाम्या जागा, जशा दात पडलेल्या तोंडात असतात. दसऱ्याला पहिली लाल तोडणी झाली. ह्यांच्या वावरातून नंदुरबारच्या बाजाराला पिकअप भरून गेली, माझ्याकडची पोती त्याच गाडीच्या कोपऱ्यात मावली.  हे हसलेही नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. अट दोन्ही सारखी दिसण्याची होती आणि पैज मी सरळ सरळ हरले होते. दिवाळीत मी करंज्या केल्या, शेव केली, सगळं केलं, पण आत कुठंतरी रोज वाटायचं की आता भट्टीवाला येईल.

भाऊबीज झाली आणि तो आला. बरोबर टेप, मागं पोकलेन सांगून ठेवलेलं. हे त्याला घेऊन निघणार, तर आत्याबाई काठी घेऊन दारात. "मी दाखाडस," म्हणाल्या. जमीन त्यांच्या नावाची, त्यांना अडवणार कोण.

वावरावर त्या खालच्या अर्ध्याकडे गेल्याच नाहीत. त्याला सरळ वरच्या भागात नेलं, जिथं आम्ही दोघींनी काळं खत घातलं होतं आणि नंतर माझा ढीग पडला होता. काठीनं जागा दाखवली.

"आठे खन. चांगली माटी आठेच शे."

त्यानं खणलं. मूठभर माती घेतली, पाणी शिंपडून तिचा गोळा वळला. गोळा बोटांतून फुटला. पुन्हा वळला, पुन्हा फुटला. त्यात पोल्ट्रीत अंथरलेलं भाताचं तूस निघालं, आणि एक पांढरं पीसही निघालं. त्यानं ते पीस उचलून आत्याबाईंच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं.

"नानी, हाई माटी पार मोकयी व्हई गयी," तो म्हणाला. "यानी ईट धरत नही. भट्टीमा तडकी जातीन सम्द्या." मागच्या उन्हाळ्यात अशी नव्हती, असं म्हणत त्यानं हात झटकले, टेप गुंडाळला आणि पोकलेनवाल्याला फोन लावला.

हे पुढं झाले. खालच्या भागात बघून घ्या, तिथली माती अजून घट्ट आहे, असं ते म्हणणार होते. मी ते त्यांच्या ओठांवर पाहिलं. आत्याबाईंनी काठी त्यांच्या पायाला हळूच लावली. ते गप्प बसले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आईची काठी पायाला लागली की माणूस अजून गप्प बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

भट्टीवाला गेला, मागोमाग हेही गेले. आम्ही दोघी बांधावर. मी म्हटलं, "आत्याबाई, पैज तर मी हरले होते."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुन्हा सासरा गया आनि तलाठीनी नाव लावं मन्हं. मी अंगठा दिना. पन आठे काय लावानं, हाई मले कोनी ईचारं नही. ना तुन्हा सासरानी, ना मन्हा पोऱ्यानी. मी उकरडा सांभायत ऱ्हायनू."

 बावीस वर्षं मी त्या उकिरड्याची टिंगल केली होती. या बाईला सगळ्या शेतात हात घालायला तेवढीच एक जागा मिळाली होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"नाव मन्हं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हात तुन्हा. पुढला साल काय लावशी?"

 हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तराची सवय नव्हती. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुम्हाला काय लावायचं होतं?"

त्या लाजल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पदराचं टोक तोंडाशी नेऊन लाजली, आणि म्हणाली, "वांगा."